आयुषच्या तीन कुप्या

धार, ६ नोव्हेंबर २०२४

सृष्टी,

तुझं पाकीट परवा स्पीडपोस्टानं मिळालं. आतला फॉर्म सही न करता सोबत परत पाठवते आहे.

तुझे सासरे गेले तेव्हाचा दोन ओळींचा मेसेज सोडला, तर सहा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला मजकूर, आणि तोही सहीसाठी. पत्र मराठीत लिहिण्याचे कष्ट घेतलेस, ते दिसलं. मला त्यातून समजलं ते असं. आयुषच्या आजारपणात दवाखान्यानं त्याच्या हाडातून जो मगज काढला होता, त्यातला थोडा त्यांनी अजून जपून ठेवला आहे. तो आता तुझ्या प्रयोगशाळेला हवा आहे. बायको म्हणून तुझी सही चालली असती, पण प्रयोग करणारीही तूच, म्हणून तिथल्या समितीनं रक्ताच्या नात्यातल्या कुणाची तरी संमती आणायला सांगितली. असं कुणी आता माझ्याशिवाय उरलेलं नाही.

तेराव्याची पानं उचलली गेली आणि पंधराव्या दिवशी तू बॅग उचलून पुण्याला कामावर रुजू झालीस. मी दारात उभी होते. तू वाकून नमस्कार केलास, मी आशीर्वाद दिला नाही, हे तुझ्या लक्षात असेलच.

त्याला घरी यायचं होतं. पुढच्या खोलीत मी खिडकीशी खाट लावून ठेवली होती. तू आणू दिलं नाहीस. आणखी एक डोस, आणखी एक डोस, असं करत एकोणतिसाव्या वर्षी तो परक्या गावातल्या दवाखान्यात गेला. आता जे काही उरलंय त्याच्यावरही प्रयोगच करायचे आहेत का?

विद्युल्लता

पुनश्च: तिथं नेमकं काय ठेवलेलं आहे ते एकदा नीट लिही. किती आहे, कशात आहे.


धार, २५ नोव्हेंबर २०२४

सृष्टी,

तुझं बारा पानी पत्र पोचलं, सोबत पुन्हा तोच फॉर्मही. चार वेळा वाचलं. 'मी सफाई देत नाही आहे' असं तू लिहिलंस. मराठीत सफाई म्हणजे केरवारे. बाकी ऱ्हस्व-दीर्घाबद्दल काही बोलत नाही. अठ्ठावीस वर्षं मुलींना हिंदी व्याकरण शिकवलं, निवृत्त झाले तरी लाल पेनाची सवय जात नाही. तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे माहीत आहे, म्हणून मी मोठ्या अक्षरात, ओळी सोडून लिहिते आहे.

तीन कुप्या आहेत म्हणतेस. करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. ऑगस्ट २०१८ मध्ये आजार उलटला तेव्हा काढलेल्या. त्यातल्या पेशी मेलेल्या नाहीत, थांबलेल्या आहेत, आणि ऊब दिली की पुन्हा चालू होतील, असं तू लिहितेस.

हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणजे इतकी वर्षं माझ्या मुलाचं काहीतरी जिवंत होतं, आणि मी इथं त्याचं श्राद्ध घालत होते.

मला एवढं सांग. त्या पेशी आयुषच्या आहेत की आजाराच्या? मी शेजारच्या अल्पनाला विचारलं, ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "काकू, ल्युकेमियाच्या पेशी म्हणजे त्याच्याच पेशी, बिघडलेल्या." बिघडलेलं मूल आईनं टाकून द्यायचं असतं का?

पुढची पानं मात्र माझ्या डोक्यात शिरली नाहीत. प्रोटिआसोम, त्याच्यावरचं ग्राही प्रथिन, ते काढून घेतलं तर ल्युकेमियाच्या पेशींची वाढ थांबते का, हे तुला बघायचंय, इतपत कळलं. तू काढलेलं चित्र मला उभ्या डब्यासारखं दिसलं. फोनवर समजावते म्हणालीस. नको. फोनवर मी एकतर रागावेन, नाहीतर रडेन, आणि दोन्ही मला तुझ्यासमोर करायचं नाही.

तुझ्या बाबांना हे सगळं समजतं, असं तू लिहिलंस. तेव्हा मी देवासला जाऊन त्यांनाच विचारणार आहे. तू त्यांना आधी कळवू नकोस.

विद्युल्लता


देवास, १४ डिसेंबर २०२४

चि. सृष्टी,

हे पत्र तुझ्या माहेरच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. अरविंदराव कचोरी आणायला गेलेत. मी नको म्हटलं तर म्हणाले, "विहीणबाई, इतक्या वर्षांनी आलात, तोंड कोरडं ठेवून पाठवू का?"

सकाळी सातच्या गाडीनं निघाले. इंदूरला गंगवाल स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला देवासच्या बसचं विचारलं, तर म्हणाला, "माताजी, भिया को फोन लगा लेते, लेने आ जाता." कुठला भिया, कुठला मुलगा येणार होता मला न्यायला? तुझ्या बाबांनी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग एवढंच म्हणाले, "या."

मी फॉर्म आणि तुझं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"मी एकतीस वर्षं गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. माझ्या भाषेत सांगू?"

"सांगा."

"माल बनतो तसा खराबही निघतो. खराब तुकड्याला आम्ही लाल टॅग बांधायचो. पण टॅग बांधून काम संपत नाही. भंगाराच्या भट्टीपाशी संताजी म्हणून एकजण उभा असायचा. टॅग बघायचा आणि तुकडा आत घ्यायचा. पेशीतही काम संपलेल्या, बिघडलेल्या प्रथिनांवर खूण लागते. त्यांचे तुकडे करणारी जागा म्हणजे हे प्रोटिआसोम. आणि त्याच्या तोंडाशी खूण ओळखून माल पकडणारं जे प्रथिन, ते हे ग्राही. असे दोन-तीन असतात. सृष्टी ज्याच्या मागे आहे त्याला ती तेरा नंबरचं म्हणते."

तेरा म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं असेल ते तुला कळेल. त्यांच्याही आलं असावं, कारण ते जरा थांबले.

"ब्लड कॅन्सरची पेशी दिवसरात्र माल काढत सुटते," ते पुढे म्हणाले. "जितका माल, तितकं भंगार. म्हणून तिला हा संताजी जास्त लागतो. दवाखान्याच्या जुन्या तपासणीत आयुषच्या पेशींत तो फारच जास्त दिसला होता म्हणे. त्याला हटवला तर भंगार आतच साचेल, पेशी वाढायची थांबेल, कदाचित मरेलही. साध्या पेशीची गरज कमी, तिचं बाकीच्यांवर निभून जाईल असं वाटतंय. वाटतंय म्हणालो हं. पक्कं कुणालाच माहीत नाही."

"मग अजून केलं नाही का कुणी?"

"प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशी असतात, त्यांच्यावर केलंय. त्यांच्यात वाढ थांबली. पण त्या आता काचेतच राहायला सरावल्यात. खऱ्या आजारी माणसाच्या पेशींत काय होतं, ते बघायला हवं. दहा जणांचे नमुने मागितलेत. नऊ मिळाले."

दहावा माझ्या पुढ्यात सहीविना पडलेला होता.

मग ते संत्रं सोलायला लागले. फोडी बशीत ठेवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक विचारू? तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिनं माझ्या मुलाला घरी मरूसुद्धा दिलं नाही. मी पानावरून उठलो होतो. आठवतं?"

"आठवतं."

"त्या दिवसानंतर सृष्टी माझ्यासमोर कधी रडली नाही. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला फोन करते आणि हवापाण्याचं बोलते. मी बाप आहे, विहीणबाई. मला तिचं ते हवापाणी ऐकवत नाही."

आवाज चढला नाही त्यांचा. बशी माझ्याकडे सरकवली. मी पाणी मागितलं. ते पाणी घेऊन येईपर्यंत माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, पण ते आल्यावर मी ग्लास घेतला आणि गप्प बसले.

फाटक वाजलं, ते आले बहुतेक. फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये आहे.

विद्युल्लता


धार, ५ जानेवारी २०२५

चि. सृष्टी,

फॉर्म सही करून सोबत जोडला आहे. अल्पना साक्षीदार म्हणून आहे. पुढे मी जे लिहिणार आहे, त्याचा आणि या सहीचा संबंध लावू नकोस. हे वाचून तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस, तरी सही कायम आहे.

देवासला जे वाक्य गिळलं, ते लिहिते.

१२ सप्टेंबर २०१८. दुपारचे अडीच वाजले असतील. मी ह्यांना पेज भरवत होते. अर्धांगवायू होऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती, हे तुला माहीतच आहे. म्हणून तर मला पुण्याला येऊन राहता येत नव्हतं. फोन वाजला. आयुष होता.

"आई, काय करतेस?"

"बाबांना भरवतेय. तू जेवलास?"

"तोंड आलंय गं. आई, मला घरी यायचंय."

"येशील की. डॉक्टर काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आणखी एक डोस देऊन बघू. सृष्टी पण तेच म्हणते. तू सांगितलंस तर ती ऐकेल. सांग ना तिला. मला पुढच्या खोलीत झोपायचंय फक्त."

सृष्टी, मी त्याला म्हटलं, "वेडा आहेस का? इथं येऊन काय करणार? सृष्टी म्हणते तसं कर. डोस घे, बरा हो, मग ये."

तो मग म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. नऊ दिवसांनी गेला.

ह्यांनी विचारलं, कोण होतं. तोंडातून शब्द नीट येत नसत, पण 'कोण' एवढं कळत असे. मी म्हटलं, राँग नंबर.

मी त्याला नको का म्हटलं, ते गेली सहा वर्षं मी स्वतःला निरनिराळ्या तऱ्हेनं समजावलं. डोसानं गुण येईल असं वाटलं, इथं सोयी नाहीत, वगैरे. खरं एवढंच की मी घाबरले. एका खोलीत नवरा, दुसऱ्या खोलीत मुलगा, आणि मध्ये मी एकटी. माझ्या डोळ्यांदेखत तो जाईल, आणि ह्यांना पडल्या जागेवरून ते सगळं ऐकू येईल, याची मला भीती वाटली. मरण तुझ्या दारात राहू दे, असंच मी केलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की खिडकीशी खाट लावून ठेवली होती. नव्हती लावली. ती नंतर लावली. लोक भेटायला येणार होते, त्यांना सांगायला काहीतरी हवं होतं. आणि मग त्याच खाटेवर बसून मी येईल त्याला सांगत राहिले की सुनेनं आणू दिलं नाही. इतक्यांदा सांगितलं की त्याचा फोन आलाच नव्हता असं वाटायला लागलं.

तुझ्या बाबांना यातलं काही सांगायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
विद्युल्लता


धार, २९ जानेवारी २०२५

चि. सृष्टी,

बावीस दिवस तुझं पत्र नाही, फोन नाही. पोस्टमनला दोनदा हटकलं. तो म्हणाला, "मैडम, आपकी कोई नौकरी लग रही है क्या?" मी मनाशी धरून चालले होते की आता काही येणार नाही, आणि तेच योग्य आहे.

काल दुपारी तुझा फोन आला. माझ्याकडून बहुतेक हुंकारच निघत होते, म्हणून आज लिहिते.

"आई, मला माहीत होतं," तू म्हणालीस. पहिलं वाक्यच ते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

त्याच संध्याकाळी आयुषनं तुला सांगितलं होतं. "आई भी तेरी पार्टी में निकली," असं म्हणून हसला होता म्हणे. तोंड आलेलं असताना हसला. आणि दुसऱ्या दिवशी डोस घ्यायला स्वतः हात पुढे केला.

म्हणजे तेराव्याला मी भरल्या पंगतीत तुला बोलत होते, तेव्हा तुझ्या हातात माझं तोंड बंद करायला एक वाक्य होतं. तू वाढत होतीस. मला अजून दिसतं, तू कोशिंबिरीचं भांडं घेऊन उभी होतीस, आणि ते भांडं तू खाली ठेवलंस आणि आत गेलीस. बस.

मी विचारलं, का नाही बोललीस. तू म्हणालीस, "बाबा अंथरुणावर होते. तुम्ही माझ्यावर रागवून उभ्या तर होतात. तो राग पण काढून घेतला असता तर तुमचं काय झालं असतं?"

 

तू पुढे जे म्हणालीस, त्याचं उत्तर देते. तू म्हणालीस, तुम्ही घाबरलात हे एक वेळ ठीक, पण मी तर रोज त्याच्यापाशी होते, मला दिसत होतं, मीच ऐकायला हवं होतं त्याचं. सृष्टी, तू सव्वीस वर्षांची होतीस. यीस्टच्या पेशींवर प्रबंध लिहीत होतीस, सकाळी प्रयोगशाळा आणि बाकी सगळा दिवस दवाखाना. डॉक्टर म्हणत होते, आशा आहे. नवरा वाचेल असं वाटणाऱ्या बायकोनं डोस द्या म्हटलं, यात मला आज तरी काही चूक दिसत नाही. आणि तू पंधराव्या दिवशी कामाला का पळालीस, तेही आता कळतं. यीस्ट सोडून याच आजाराच्या पेशींकडे वळायला तुला तुझ्या गाइड मॅडमची परवानगी मागायची होती. हे मला तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. मी तुला लिहिलं नाही, कारण ते ऐकून मला लाज वाटली होती.

कुप्या उघडायच्या त्या दिवशी कळव.

तुझी,
आई


धार, २४ मार्च २०२५

चि. सृष्टी,

परवाचं सगळं क्रमानं लिहून काढते, नाहीतर माझ्याकडून त्यात भर पडेल.

पहिल्या कुपीतल्या पेशी वितळवतानाच मेल्या, असं तू फेब्रुवारीत कळवलंस. त्या दिवशी मी अल्पनाला म्हटलं, आता दोन. ती मला म्हणाली, "काकू, असं मोजू नका." पण मोजलं जातं.

दुसऱ्या कुपीचं तू शनिवारी दाखवणार म्हणून मी देवासला गेले. एकटीनं बघण्याचं धैर्य नव्हतं. अरविंदरावांनी फोन टीव्हीला जोडून ठेवला होता आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. तू सुरू करण्याआधी मी त्यांना म्हटलं, "अरविंदराव, तेराव्याला मी खोटं बोलले होते. त्यानं मला विचारलं होतं, आणि नको मीच म्हटलं होतं." त्यांनी टीव्हीची वायर पुन्हा एकदा नीट खोचली. मग म्हणाले, "तेव्हा आपण कुणीच शुद्धीवर नव्हतो." मला आणखी बोलायचं होतं, पण तेवढ्यात तुझा फोन लागला आणि टीव्हीवर तुझा चेहरा आला. बारीक झालीस.

सूक्ष्मदर्शकातून तू दोन बशा दाखवल्यास. डाव्या बशीतल्या पेशींना तू काही केलं नव्हतंस. गोल, चमकदार, एकमेकींना खेटून, साबुदाणा भिजत घातल्यासारख्या. इतक्या सुंदर दिसतील असं मला वाटलं नव्हतं, आणि मला त्यांचा राग यायला हवा होता. उजव्या बशीत तेरा नंबरचं प्रथिन बनवायची सूचनाच बंद केलेली. तिथं विरळ, सुरकुतलेल्या, काळपट ठिपके झालेल्या.

"डावीकडे शंभर असतील तर उजवीकडे पस्तीस," तू म्हणालीस. "मोजणी आमच्या लॅबमधल्या अवंतीनं केली, आई. कुणाच्या पेशी आहेत ते तिला सांगितलं नव्हतं."

"पस्तीस म्हणजे सगळ्या नाही मेल्या."

"नाही. दहा जणांपैकी चौघांच्या पेशींत वाढ अशी थांबली. तिघांच्यात थोडीशी. तिघांच्यात काहीच फरक नाही. आयुष चौघांत आहे."

मग मी ते विचारलंच. "तेव्हा हे असतं, तर?"

 अरविंदराव म्हणाले, "विहीणबाई, राहू द्या." पण तू म्हणालीस, "नाही बाबा, त्यांना विचारू द्या. आई, मला माहीत नाही. हे औषध नाहीये. बशीतल्या पेशींतून एक प्रथिन काढणं आणि माणसाला बरं करणं, यात फार अंतर आहे. औषध बनेल की नाही, हेही मी सांगू शकत नाही. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलणार."

तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास बसला तो त्या क्षणी, हे तुला सांगायचं राहिलं.

त्यानंतर तू म्हणालीस की मोजणी गुरुवारीच संपली, नियमाप्रमाणे दोन्ही बशा त्याच दिवशी नष्ट करायला हव्या होत्या, आणि तू दोन दिवस टाळते आहेस. निर्जंतुक करायचं द्रावण तुझ्या हातात होतं. उजवीत तू ते ओतलंस. डावीवर हात थांबला.

"आई, यातल्या अजून जिवंत आहेत."

मी चार महिने तुला विचारत होते, त्या त्याच्या की आजाराच्या. तू लिहायचीस, दोन्ही. शास्त्राप्रमाणे तुझंच बरोबर असेल. पण मला तुझा हात दिसत होता. मी म्हटलं, "सृष्टी, मी त्याला नऊ महिने पोटात वागवलंय. मी सांगते, तो त्यात नाही. ओत."

"आई..."

"मी आहे इथं. तुझे बाबा आहेत. ओत."

तू ओतलंस. आम्ही दोघं कधी खुर्चीवरून उठून उभे राहिलो, ते आम्हालाही कळलं नाही. मग तू रडलीस, हातमोज्यांमुळे तुला डोळेही पुसता येत नव्हते. अरविंदराव टीव्हीच्या काचेपर्यंत गेले आणि तिथं हात टेकवून उभे राहिले. "रो ले, बेटा, रो ले," एवढंच म्हणत होते. त्यांचं मराठी अशा वेळी त्यांना सोडून जातं.

तिसऱ्या कुपीचं तू विचारतेस. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेनं मागितली तर दे. तू उघडू नकोस. जे करायचं ते तुझ्या हातानं एकदा झालं, पुरे.

आता माझं एक मागणं. बारा तारखेला त्यानं फोन ठेवला, आणि एकवीसला तो गेला. मधले नऊ दिवस मी कधी कुणाला विचारले नाहीत. विचारले असते तर तू तिथं होतीस आणि मी नव्हते, हे कबूल करावं लागलं असतं. मेमध्ये सुट्टी मिळेल तेव्हा ये. मला ते नऊ दिवस सांग.

तुझी,
आई


धार, १८ मे २०२५

चि. सृष्टी,

सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला, पण अल्पना बसली होती म्हणून धड बोलता आलं नाही.

तू चार दिवस राहिलीस. पहिल्या दिवशी आपण दोघी नुसत्या कामं काढत होतो. तू माळा आवरलास, मी लोणच्याच्या कैऱ्या धुतल्या, आणि एकमेकींना "बस जरा" म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता तू एकदम म्हणालीस, "तेरा तारखेला त्यानं डोस घेतला आणि बळवंतरावांशी भांडला."

मला बळवंतराव कोण, हेही माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवरचे, साताऱ्याकडचे, सत्तरीचे. आयुषनं त्यांना 'भिया' म्हटलं, म्हणून ते चिडले. वयाचा मान ठेव म्हणाले. चौदाला यानं त्यांना अर्धा तास समजावलं की आमच्याकडे कलेक्टरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे भिया. तीन दिवसांत ते स्वतःच नर्सला "भिया, सलाईन संपली" म्हणायला लागले, आणि मोठे डॉक्टर राउंडला आले तेव्हा साऱ्या वॉर्डानं त्यांना "काय भिया" म्हणून विचारलं. तू ते सातारी हेल काढून करून दाखवलंस, आणि मी हसले. त्याच्या आठवणीनं मी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते. हसता हसता मला ठसका लागला आणि तू पाठीवरून हात फिरवलास.

त्यानं पंधरा तारखेला आमरस मागितला, सप्टेंबरात. तू डब्यातला आणलास आणि एक चमचा खाऊन तो म्हणाला, हा आंबा नाही, आंब्याचा फोटो आहे. सोळाला ताप. सतराला ताप उतरला आणि त्यानं तुला तुझ्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचून दाखवायला लावलं, आणि दुसऱ्याच पानावर झोपला. अठराला त्यानं मला फोन लावायला सांगितलं, आणि मग म्हणाला, नको, बाबांच्या जेवणाची वेळ असेल. हे सांगताना तू माझ्याकडे पाहिलंस. बरं केलंस सांगितलंस. ते मला मिळायलाच हवं होतं.

वीस तारखेला संध्याकाळी त्याला श्वास लागला, आणि एकवीसच्या पहाटे तुझा हात त्याच्या छातीवर होता, हेही तू सांगितलंस. न अडखळता. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, ही होती तिथं. माझ्याच्यानं झालं नसतं.

तू गेल्यावर मी हे सगळं वहीत उतरवून काढलं, तारीखवार. तेव्हा लक्षात आलं की एकोणीस तारखेचं पान कोरं राहिलंय. आधी वाटलं, मीच विसरले. मग आठवलं, अठराचं सांगून झाल्यावर तू उठलीस, खिडकीशी गेलीस, बऱ्याच वेळानं परत आलीस आणि थेट वीसवर गेलीस. तुझे कान लाल झाले होते.

तुम्ही दोघं त्या दिवशी काय बोललात, ते मी विचारणार नाही. मी त्याची आई आहे, आणि आईला आठ दिवस पुष्कळ झाले. एकोणीस तारीख तुझ्याकडेच राहू दे.

कैऱ्यांचं लोणचं मुरलं की अरविंदराव पुण्याला येतील त्यांच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आई